फुलं ढीगभर, काकडी एक नाही

डोंबिवली,
मार्च, रविवार सकाळ

प्रिय मंदे,

परवाचा फोन अर्धवट राहिला. तुझ्या दारात इस्त्रीवाला आला आणि "थांब गं, लगेच करते" म्हणालीस, ती आजतागायत. म्हणून म्हटलं, सरळ लिहूनच टाकावं. तसंही फोनवर मी सांगते त्यातलं अर्धं तू ऐकतेस आणि उरलेलं यूट्यूबला विचारतेस. कागद निदान फ्रिजवर चिकटवून ठेवशील.

तर तुझी तक्रार अशी: वेल ग्रिलवर चढला, पानं हाताच्या पंजाएवढी झाली, रोज सकाळी पिवळी फुलं ढीगभर, आणि काकडी एक नाही. वर शेजारच्या काकूंनी निदान केलंय की बाजूच्या कुंडीत कारलं आहे म्हणून काकडी बिघडली. आधी त्या कारल्याला निर्दोष सोडते. कारल्याचा पराग काकडीला चालतच नाही, आणि शेजारी कारलं आहे म्हणून काकडी कडूही होत नाही. काकूंना हे तू सांग, मला त्यांच्याशी वैर नको.

उद्या सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी गॅलरीत जा आणि एकेक फूल मागून बघ. पुढून सगळी सारखीच दिसतात. मागे नुसती बारीक दांडी असेल तर ते नर फूल. आणि मागे करंगळीच्या पेराएवढी, लवदार, बारीक काटे असलेली हिरवी काकडीच बसलेली असेल तर ते मादी फूल. नर फुलं पेऱ्यापेऱ्यावर झुबक्यानं येतात आणि आधी येतात. मादी बहुतेक एकेकटी आणि आठ-दहा दिवस उशिरा. तेव्हा सगळी नरच दिसली तर काही करू नकोस, फक्त थांब.

पण तू बोलता बोलता म्हणालीस की "बारकी काकडी दिसते गं, मग पिवळी पडते आणि गळून जाते." म्हणजे मादी फुलं आलेली आहेत, पण त्यांच्यापर्यंत नर फुलाचा पराग पोचत नाही. घाटा आहे तो मधमाशीचा. तू नवव्या मजल्यावर. खाली बागेत फुलं असताना सातेरी नाहीतर फुलोरी माशी एवढ्या उंच तुझ्या दोन कुंड्यांसाठी कशाला येईल? त्यातून तुमच्या सोसायटीनं दिवाळीत गच्चीखालचं आग्यामोहोळ औषध मारून उतरवलं, हे तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. मोहोळ काढायचंच तर रात्री धूर करून, माश्या न मारता काढणारी माणसं असतात. पुढच्या मीटिंगमध्ये बोल तरी.

मग आता माशीचं काम तुझ्याकडे. काकडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याचा एकच दिवस असतो. हे काम साधारण सात ते दहाच्या दरम्यान उरकायचं, ऊन तापलं की पराग दम धरत नाही. त्या दिवशीचं ताजं नर फूल खुड, पाकळ्या हलक्या हातानं सोलून टाक. मधे जो पिवळा खुंट उरतो त्यावर बोट लावून बघ, बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे. तो खुंट मादी फुलाच्या मधोमध, तिथे तीन पाळ्यांचा चिकट गोळा दिसेल त्यावर, सगळीकडून फिरव. नुसता टेकवून पळू नकोस, तिन्ही पाळ्यांना लागू दे. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. लोक कानातल्या कापसाच्या काडीनं नाहीतर रंगाच्या ब्रशनं करतात, मला ते पटत नाही. निम्मा पराग ब्रशलाच चिकटून राहतो.

हे नीट का करायचं ते सांगते, म्हणजे कंटाळा येणार नाही. काकडीत जेवढ्या बिया तेवढे परागाचे कण लागतात, प्रत्येक बीला वेगळा. अर्धवट पराग मिळाला तर अर्ध्याच बिया धरतात, आणि मग काकडी एका टोकाला फुगते, कमरेत बारीक होते नाहीतर कोयत्यासारखी वाकते. मंडईत अशा वाकड्या काकड्या आपण बाजूला सारतो ना, त्यातल्या बऱ्याच या माशीच्या टंचाईच्याच असतात. काम जमलं की नाही ते तिसऱ्या दिवशी कळतं. जमलं असेल तर ती पिटुकली काकडी गडद होते, जाड होते आणि वजनानं खाली वळते. नसेल जमलं तर फुलाच्या बाजूनं पिवळी पडत जाते. आणि हो, सकाळी वरून फवारा मारायची तुझी हौस बंद. फूल भिजलं की पराग गेला.

तुझा हा प्रश्न सोडवताना मला गोव्याची आठवण झाली. तळावलीला सांत आनाचं चर्च आहे, तिथे जुलैअखेरीस तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त भरतं. मूल व्हावं म्हणून जोडपी सांत आनाला काकडी वाहतात. तिथे लोक मूल मागायला काकडी नेतात, तू काकडी मागायला काय नेणार आहेस?

आता पाण्याचं. काकडी म्हणजे शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी, त्यामुळे तिथे हयगय चालत नाही. तू दोन दिवस विसरतेस आणि तिसऱ्या दिवशी बादली ओततेस, हे मला तुझ्या तुळशीवरून माहीत आहे. तुळस सोसते, काकडी सोसत नाही. ताण पडला की वेलाच्या पानादेठात असतो तो कडवटपणा फळात उतरतो. रोज सकाळी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघ. खाली कोरडं लागलं तर बुडातून पाणी निघेपर्यंत दे, ओलं असेल तर जा आपल्या कामाला. मार्च-एप्रिलात वेल मोठा असेल तर संध्याकाळीही लागेल. वरून वाळलेली पानं नाहीतर नारळाची सोडणं पसर, माती तापत नाही. दुपारी पश्चिमेचं ऊन थेट येत असेल तर हिरवी जाळी लाव. उन्हाचा कडाका फार झाला की फुलं येतात पण धरत नाहीत, मग तू कितीही खुंट फिरवलेस तरी.

काकडीचं टोक कापून चोळायचं, फेस काढायचा, हे आपल्या आयांनी शिकवलं. कडू जास्त असतं ते देठाकडे आणि सालीखाली, तेव्हा देठाचा तुकडा जरा मोठा कापून टाकला आणि साल जाड काढली की काम होतं. फेस काढायचा तर काढ, हाताला सवय आहे म्हणून मीही काढते. पण जीभ वळेल इतकी कडू निघाली तर कोशिंबिरीत दही वाढवून खपवू नकोस, टाकून दे. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत आणि तो कडवटपणा याच जातीचा.

फोटोत बघितलं ते मात्र मला अजिबात आवडलेलं नाही. दहा इंची कुंडीत चार रोपं! चार बिया उगवल्या म्हणून चारही ठेवायच्या नसतात गं. एका वेलाला पंधरा-वीस लिटरचं भांडं हवं, रंगाचा रिकामा डबा बुडाला भोकं पाडून उत्तम चालतो. आत्ता रोपं उपटून वेगळी करायला जाऊ नकोस. काकडीला मूळ हललेलं खपत नाही, आणि एकाचं मूळ ओढलं की शेजारणीचंही येतं. त्यातली तीन कात्रीनं जमिनीलगत काप. हो, तीन. एक ठेव. जीव तुटेल, पण कर.

आणि माळीकाका मूठभर पांढरं खत टाकून जातात ते थांबव. युरियानं पानं हत्तीच्या कानाएवढी होतात, फुलाफळाचं काही होत नाही. तुझ्या वेलाचा तो काळपट हिरवा रंग तेच सांगतोय. पंधरवड्याला दोन मुठी गांडूळखत पुरे. वेल ग्रिलच्या वर पोचला असेल तर शेंडा खुड, बगलेतून फुटवे येतील आणि मादी फुलं त्या फुटव्यांवर जास्त धरतात. फुटव्यांना सुतळी बांधून दे, तणावे आपोआप धरतात. शेजारी तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नकोस आणि थोडी कोथिंबीर फुलू दे. काय सांगावं, एखादी माशी चुकून वर येईलही.

रोगराईचं फार मनावर घेऊ नकोस. पानांवर पिठासारखी पांढरी भुरी आली तर नऊ भाग पाण्यात एक भाग दूध घालून सकाळच्या उन्हात फवार, फुलं वाचवून. मावा, पांढरी माशी दिसली तर संध्याकाळी निंबोळी अर्क. फळमाशी मात्र वाईट. ती कोवळ्या काकडीला टोचून आत अंडी घालते, बाहेर डिंकाचा एक थेंब दिसतो, आत अळ्या. म्हणून फळ धरलं की जुन्या ओढणीची सैल पिशवी करून त्यावर चढव. टोचलेली काकडी खताच्या डब्यात टाकायची नाही, पिशवीत बांधून कचऱ्यात.

बी कुठलं घेतलंस ते तुला आठवत नाही, हे ऐकून मी कपाळावर हात मारला. पुढच्या वेळी पाकीट जपून ठेव. मॉलमध्ये सडपातळ, लांब, गडद हिरवी मिळते तिला माशी लागतच नाही, परागाशिवाय फळ धरते. हरितगृहवाले तीच लावतात. नवव्या मजल्यासाठी ती सोयीची खरी, पण बी महाग, आणि चवीला माझ्या मते पाणचट. मी आपली राहुरी विद्यापीठाची हिमांगी लावते. पांढुरकी, कोवळी. तिची खमंग काकडी करावी: बारीक कोचवायची, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, वरून जिरं-मिरचीची फोडणी, आणि मीठ अगदी पानं मांडल्यावर. आधी मीठ घातलंस की पाण्यात पोहते. पिळून पाणी निघालंच तर थालीपिठाच्या पिठात घाल, ओतू नकोस.

पावसाळ्यासाठी मात्र मी तुला सासरचं, गुहागरचं तवशाचं बी देणार आहे. तिकडे जून झालेली तवशी वाशाला दोरीनं टांगून ठेवतात, महिनोन् महिने टिकतात, आणि किसून तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालून तवसोळी करतात. मृगाच्या पावसानंतर लावलंस तर गणपतीपर्यंत हाती येईल. तुझ्या सासूबाई ऋषिपंचमी कडक करतात ना? बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी काही चालत नाही, म्हणून दर वर्षी तू बाजारात "हे कुठलं, ते कुठलं" करत हिंडतेस. नवव्या मजल्यावरच्या कुंडीपर्यंत कुठला बैल पोचणार? ऋषीच्या भाजीत घरचं तवसं, घरचा अळू. सासूबाई खूश.

बी लिफाफ्यात घालून पाठवलं तर टपालात चिरडेल. एप्रिलात वन्संच्या मुलीच्या साखरपुड्याला पुण्याला यायचंय, तेव्हा आणते. तोवर उद्याच्या फुलांचे फोटो टाक, मागून काढलेले. पुढून काढलेले चाळीस फोटो तू आधीच पाठवले आहेत.

तुझी,
शकू

ता. क. पहिली काकडी धरली की कौतुकानं वेलावर ठेवून रोज पाहुण्यांना दाखवत बसशील, मला माहीत आहे. फूल गळल्यापासून आठ-दहा दिवसांत कोवळी असतानाच काढ. एक जरी जून होऊन बी धरायला लागली तरी वेल नवी फळं धरायला कचरतो. आणि ओढून तोडू नकोस, देठ कात्रीनं काप.