फिजिओ मॅडम, मनापासून थँक्यू

नमस्कार मॅडम,

तुमच्यासमोर बोलायला गेले की गळा दाटून येतो आणि बाहेर पुढचा पेशंट थांबलेला असतो, म्हणून लिहूनच टाकते.

तोंडाला साबण लावून डोळे मिटले की माझा झोक जायचा, बेसिन धरून उभी राहायचे. लाईट गेली की जिन्यात पाऊल कुठे पडतंय कळायचं नाही. गरगरत नव्हतं, पण जो तो विचारायचा चक्कर येते का, मग मी पण हो म्हणायचे. बीपी बघून झालं, कान तपासून झाले, सगळं नॉर्मल. एमआरआयमध्ये सी फाईव्ह सी सिक्सची, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली, गादी सरकलेली दिसत होती, तरी मानेचा आणि तोल जायचा काय संबंध, वयाचं आहे, असं म्हणून एका ठिकाणी मला घरी पाठवलं. वय माझं 51. त्या दिवशी खूप रडले होते.

तुम्ही मला आधी सगळं बोलू दिलंत. मग सुईत दोरा ओवताना बोटं अडखळतात का विचारलंत, गुडघ्यावर हातोडी मारून बघितलीत, एका रेषेत चालायला लावलंत. मज्जारज्जूवर दाब असेल तर आधी सर्जन, व्यायाम नंतर, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. तसलं काही नाही हे कळल्यावर केवढं हायसं वाटलं!

आणि मग तो लेझर. डोक्याला पट्टा, त्यावर बारका लाईट, भिंतीपासून 90 सेंटीमीटरवर खुर्ची, समोर गोल काढलेला कागद. डोळे मिटून मान उजवीकडे वळवा आणि जिथून निघालात तिथे परत या म्हणालात, मी अगदी खात्रीने आले आणि डोळे उघडले तर लाल ठिपका चार इंच बाजूला! साधारण 7 सेंटीमीटरच्या आत यायला हवा म्हणालात, म्हणजे पावणेतीन इंच. मी 22 वर्षं ब्लाऊज शिवते, अर्ध्या इंचाची चूक मला लांबून दिसते, आणि माझीच मान मला इतकं चुकीचं सांगत होती.

मानेच्या मागे कवटीखाली जे बारके स्नायू असतात त्यांच्यात डोकं कुठे आहे हे मेंदूला कळवणारे सेन्सर खूप असतात, दुखण्यामुळे आणि सतत आखडल्यामुळे तो निरोप बिघडू शकतो, मग डोळे आणि कानावर सगळा भार येतो, आणि डोळे मिटले की झोक, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की घरी मी ते सासूबाईंना पण समजावलं.

व्यायाम रोज करते. ठिपक्याचा, कालनिर्णयच्या आकड्यावर नजर ठेवून मान हळू फिरवायचा, आणि ओट्याजवळ एका पावलापुढे दुसरं ठेवून उभं राहायचा, तो सगळ्यात अवघड. गादी आहे तिथेच आहे, मान अजून दुखते मधूनमधून, मशीनवर दर अर्ध्या तासाने उठते. पण दोन महिन्यांत ठिपका दीड इंचावर आलाय आणि काल मी दोन्ही हातांनी, बेसिन न धरता, तोंड धुतलं.

पुढच्या वेळी येताना टेप घेऊन येणार आहे. तुमचं माप द्या, ब्लाऊज मी शिवणार, आणि पैशाचं नाव काढायचं नाही.

तुमची,
मंगळवारची साडेचारची पेशंट