खिशातल्या दोन गोळ्या

परळ, मुंबई

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला गेल्यावर तुझी जीन्स धुवायला घेतली, तर खिशात ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप. पाचातल्या दोन गोळ्या शिल्लक. घसा दुखत होता म्हणून केमिस्टकडून परस्पर आणल्यास ना? फोनवर ओरडले असते, म्हणून लिहितेय.

बावीस वर्षं मी लॅबमध्ये कल्चर लावतेय. प्लेटवर जंतू पसरायचे, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. औषध लागू पडत असेल तर सकाळी चकतीभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं. गेल्या आठवड्यात एका आजींच्या लघवीची प्लेट उघडली. चकत्या सहा, कडं एकीभोवतीच. बाकी सगळीकडे जंतूंची साय धरलेली. रिपोर्टवर ओळीने ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू पडत नाही, असं लिहिताना हात जड झाला रे.

लोक म्हणतात, शरीराला औषधाची सवय झाली. शरीराला नाही, बदलतात ते जंतू. कोट्यवधींत एखाद्याच्या जनुकात आपसूक बदल झालेला असतो. कुणी औषध तोडणारं एन्झाइम बनवतो, कुणी आत आलेलं औषध बाहेर फेकतो. गोळीने बाकीचे मेले की त्याला रान मोकळं. पोषण मिळालं तर ई. कोलाय हा आतड्यातला जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, हिशेब तूच कर. शिवाय प्लास्मिड म्हणून डीएनएची छोटी कडी असते, ती हे जंतू एकमेकांना देतात, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही. म्हणजे घशासाठी घेतलेल्या गोळीने तुझ्या आतड्यातही असे चिवट जंतू मागे उरू शकतात. आणि घसा बहुतेकदा व्हायरसनेच धरतो, त्यावर ही गोळी काहीच करत नाही.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनी 1945 मध्ये नोबेलच्या भाषणातच बजावलं होतं, की अपुऱ्या डोसाने जंतू औषधाला दाद देईनासे होतील. 2019 या एका वर्षात जगभरात अशा जंतूंनी थेट 12 लाखांवर माणसं नेली, असा अंदाज आहे. आपल्या मुंबईतला औषधांना न जुमानणारा टीबी तर तू ऐकतच मोठा झालास.

बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन मेमध्ये आहे. सर्जन कितीही हुशार असो, जखमेत जंतू शिरले तर सगळी भिस्त याच औषधांवर. प्लेट बघताना हल्ली मला त्यांचाच गुडघा आठवतो.

त्या गोळ्या मी काढून घेतल्यात. घसा अजून धरलेला असेल तर उद्याच डॉक्टरांना दाखव, आधी तीन घेतल्यास तेही सांग. त्यांनी औषध दिलं तर सांगतील तितके दिवस घे. तोवर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर.

तुझी,
आई