मे अँडरसन यांच्याविषयी, चि. सायलीस

चि. सायली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

सॉल्ट लेक सिटीतील प्रायमरी चिल्ड्रन्स रुग्णालयाचा तू फोनवर उल्लेख केलास. त्याच्या मुळाशी ज्या बाई आहेत, त्या मे अँडरसन यांच्याविषयी, तूही आता तेथील बालवर्गात शिकवू लागली आहेस म्हणून, जरा सविस्तर लिहिते.

1864 मध्ये लिव्हरपूल येथे जन्मलेल्या मे 1883 मध्ये अमेरिकेतल्या उटाह राज्यात, म्हणजे सॉल्ट लेक सिटी ज्या राज्यात आहे तेथे, आल्या. तेथे लुई फेल्ट यांच्याशी त्यांची मैत्री जुळली आणि ती जन्मभर टिकली. लुईबाई मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या ‘प्रायमरी’ या मुलांच्या संघटनेच्या अध्यक्षा होत्या. 1890 मध्ये मे या संघटनेच्या चिटणीस झाल्या. दोघींनाही मूलबाळ नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण ‘स्वतःचे मूल झाल्याखेरीज मुले कळत नाहीत’ हे तुलाही कुणीतरी ऐकवणारच.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या विचारांवर उभ्या असलेल्या किंडरगार्टन पद्धतीचे दोघींनी रीतसर शिक्षण घेतले, बालवर्ग चालवला आणि तेथे पटलेल्या गोष्टी प्रायमरीत आणल्या. तोवर साधारण चार ते चौदा वर्षांची मुले एकत्रच बसत असत. आता वयानुसार गट झाले आणि नुसत्या उपदेशाऐवजी गोष्टी, खेळ व हस्तकाम यांना जागा मिळाली. मला विचारशील तर रुग्णालयापेक्षाही ही वाटणी मोठी आहे, कारण चार वर्षांच्या मुलाला चौदा वर्षांच्या मुलाचा धडा ऐकवून मग ते चुळबुळ करते म्हणून दटावणे ही मोठ्यांची जुनी सवय तिने मोडली.

गावोगावच्या प्रायमरी चालवणाऱ्या स्त्रिया काही प्रशिक्षित शिक्षिका नव्हत्या. त्यांच्या हाती तयार पाठ पडावेत यासाठी 1902 मध्ये ‘चिल्ड्रन्स फ्रेंड’ मासिक निघाले, आणि त्याचे संपादन मे यांनी 1940 पर्यंत केले. चिकाटी म्हणतात ती ही!

अपंग व आजारी मुलांसाठी 1922 मध्ये सॉल्ट लेक सिटीत, मॉर्मन मंदिराच्या टेंपल चौकासमोरच्या एका जुन्या घरात, प्रायमरीने तू उल्लेख केलेले रुग्णालय उघडले. पुढे 1925 ते 1939 प्रायमरीचे अध्यक्षपदही मे यांच्याकडे होते. रुग्णालयाच्या खर्चाला हातभार म्हणून प्रायमरीतील मुले वाढदिवसाला आपल्या वयाइतके सेंट देत: सहा वर्षांच्या मुलाचे सहा.

तुझी,
आई