कुर्ल्याच्या काकांना, न्यू जर्सीतल्या एडिसनहून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून कळवतोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. जुनी इटालियन गाडी कव्हरखाली ठेवून "हे आपल्या हातून व्हायचं नाही" म्हणत बसलेले आणखी कोणी असतील, तर त्यांनाही तुमचा थोडा उपयोग व्हावा.

त्यांच्यासाठी सांगतो. गाडी 1978 ची, फियाट 124 स्पायडर, 1756 सीसी, छप्पर मागे पडणारी. घेतली तेव्हा घरच्यांसकट सगळ्यांनी वेड्यात काढलं. गरम झाली की सुरू व्हायची नाही; सेल्फ मारला की नुसतं "टक्" आणि पुढे काही नाही. रात्री हेडलाइट समईसारखे. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाहिलं, इंजिन खोलावं लागेल म्हणाला आणि गाडीच्या किमतीपेक्षा मोठा आकडा सांगितला.

तुम्ही तेव्हा लेकीकडे सहा महिन्यांसाठी आला होतात. संध्याकाळच्या फेरीत आमच्या ड्राइव्हवेपाशी थांबलात, वाकून पुढच्या चाकामागे पाहिलंत आणि म्हणालात, "ही तर आपल्या वन-एटीन एनईच्या घरातली." इतके दिवस ही गाडी मला परदेशी वाटायची, त्या एका वाक्याने ती ओळखीची झाली. खरंच आहे ते. 124 ही मुळात साधी चार दरवाजांची फियाट. तिचाच पाया आखूड करून पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीने 1966 मध्ये स्पायडर उभी केली, आणि त्याच चार दरवाजांच्या गाडीचं अंग निस्सानचं इंजिन घालून 1985 मध्ये प्रीमियरने आपल्याकडे वन-एटीन एनई म्हणून विकायला काढलं. तुमचा जन्म कुर्ल्याला फियाटखाली उताणं पडून गेलेला. तुम्हाला खालचे आर्म आणि बॉलजॉइंट दाखवायला माझी गरज नव्हती.

पण तुम्ही पान्याला हात लावला नाहीत. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलात आणि मला कामाला लावलंत. माझे आभार खरे त्यासाठी आहेत.

सेल्फचं आधी. तुम्ही मीटर मागितलात. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, आणि माझ्या बायकोला सेल्फ मारायला सांगितलंत. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर करंट परतीच्या वाटेत कुठेतरी अडतोय, असं म्हणालात. माझ्या गाडीत तो दोनच्या वर गेला. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी काढली तर तिच्या कानाखाली रंग, गंज आणि हिरवट पूड. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, पट्टी नवीन टाकली, वरून ग्रीस लावलं. गाडी गरम असताना पहिल्या सेल्फला सुरू झाली. खोलायचं म्हणून सांगितलेलं इंजिन अजून खोललेलं नाही, काका. हेडलाइटचंही तसंच: या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून जातो. दिव्यांना बॅटरीतून थेट करंट देणाऱ्या दोन रिले बसवल्या आणि रस्ता दिसायला लागला.

मग टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाक करवणारा दातेरी रबरी पट्टा. इथे तुम्ही जे बोललात ते कुठल्याही मिस्त्रीच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. "हे इंजिन मी कधी उघडलेलं नाही. आमच्या प्रीमियर पद्मिनीला बेल्टच्या जागी साखळी. पुस्तक आण आणि मोठ्याने वाच." मी मॅन्युअल वाचत होतो, तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात आणि मध्येच "थांब, परत वाच" म्हणत होतात. तिसऱ्या पुलीचं तुम्ही असंच पकडलंत. वरच्या दोन कॅमच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या) पुलींना बारीक भोक असतं, ते समोरच्या काट्याशी जुळवायचं, हे सगळे सांगतात. मधली पुली ऑइल पंप फिरवते, ती कशीही राहिली तरी चालते असं बरेच जण समजतात. पण त्याच शाफ्टवर पेट्रोल पंप ढकलणारा उंचवटा आहे, आणि पुली भलत्या जागी बसली तर तो दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडला (पिस्टनच्या दांड्याला) जाऊन आपटू शकतो. "म्हणजे तिन्ही जुळल्याशिवाय बेल्ट चढवायचा नाही," तुम्ही म्हणालात आणि लेकीच्या घरून लाल नेलपॉलिश मागवलंत. जुना बेल्ट काढण्याआधी प्रत्येक पुलीच्या एका दातावर आणि समोर बेल्टवर एकेक ठिपका. ते ठिपके नव्या बेल्टवर दात मोजून उतरवले. टेन्शनरचा नट सैल केला, स्प्रिंगने बेल्ट ताणू दिला, इंजिन हाताने सरळ दिशेलाच दोन फेरे फिरवलं, खुणा पुन्हा पाहिल्या, मगच नट आवळला. उलटं फिरवायला गेलो असतो तर तुम्ही खुर्चीतून उठला असतात.

अमेरिकेत या गाडीचं नाव खराब का झालं, याचं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. दोष इंजिनचा नाही. ऑरेलिओ लाम्प्रेदीने बनवलेलं आहे ते. फेरारीत असताना त्याच माणसाच्या चार सिलिंडरच्या इंजिनवर अल्बर्टो आस्कारी या रेसरने 1952 आणि 1953 ची मोटार रेसिंगची विश्वविजेतेपदं मारली होती. पण साठच्या दशकात रबरी दातेरी बेल्ट ही नवी गोष्ट होती. साखळीची सवय असलेल्या लोकांनी तो बदललाच नाही, तुटला की व्हॉल्व्ह वाकले, आणि शिव्या फियाटला. न्यू जर्सीच्या रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठाने पत्रा गंजवून उरलेलं काम केलं.

मागच्या ब्रेकबद्दल वेगळे आभार. चारही चाकांना डिस्क आहेत, हे पाहून तुम्ही भुवया उंचावल्यात. मी मागचा पिस्टन आत दाबायला शिकंजा लावणार, एवढ्यात "थांब" म्हणालात. हँडब्रेक त्याच पिस्टनवर चालतो, म्हणजे आत आटे असणार. दाबायचा नाही, फिरवत आत घालायचा. तसाच निघाला. एक चाक तरीही जाम राहत होतं, ते रबरी होज आतून सुजल्यामुळे. बाहेरून होज नव्यासारखा दिसत होता.

आणि "हे घरी करायचं नाही" हेही तुम्हीच सांगितलंत. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या टॉवरवर फ्रीजचं मॅग्नेट फिरवायला लावलंत. एका बाजूला ते चिकटेना. पत्र्याच्या जागी लांबी (पुट्टी) भरलेली होती. मी यूट्यूब बघून वेल्डिंग मशीन घ्यायच्या विचारात होतो. "गाडीच्या पुढच्या अंगाचा भार इथे बसतो. पत्र्याचं काम पत्रेवाल्याला," एवढंच म्हणालात. ते बाहेर करून घेतलं, पैसे गेले, पण पूल ओलांडताना आता पोटात गोळा येत नाही. जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय नाही, हे तर तुम्ही माझ्या मुलाकडूनही पाठ करून घेतलंत. तो आता मलाच दम देतो.

व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट, तेवढं तुम्ही गेल्यावर एकट्याने केलं. व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या वाटीत (बकेटमध्ये) बसणाऱ्या चकत्या 0.05 च्या फरकाने मिळतात, कॅम न काढता बदलता येतात. आधी सगळी मापं वहीत लिहून काढली, मगच पाना उचलला. त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता, त्यावर तुमचा नुसता अंगठा आला. मी तो प्रमाणपत्र समजून ठेवून घेतलाय.

काकूंना नमस्कार सांगा. तिकिटं काढलीत की कळवा. क्लचचा मास्टर सिलिंडर झिरपतोय, किट मागवून ठेवलंय, आणि खुर्ची अजून गॅरेजमध्येच आहे.

आपला,
चार घरं पलीकडचा फियाटवाला