काळजी प्रभूवर टाकताना

महोदय,

पावसाळा आला की विश्वामित्री नदीची पातळी विचारत आम्ही वडोदरेकर रात्री जागतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या तळमजल्यात कंबरभर पाणी होतं. यजमानांनी स्वतः केलेलं लाकडी कपाट आणि त्यातला लग्नाचा अल्बम, दोन्ही गेलं. वरच्या वहिनींनी आसरा दिला, पिठलं-भात वाढला. मुलगा पुण्यात, फोन बंद. त्याची काळजी मीच वाहायची, हे मी आयुष्यभर धरून बसलेली. त्या रात्री पहिल्यांदा म्हटलं, "प्रभू, तो तुझा आहे." आणि झोप लागली.

चर्चच्या मंडळीत कुणी "चिंता करणं पाप आहे" असं रडणाऱ्याला सुनावतं, तेव्हा फार वाईट वाटतं. चिंताक्रांत होऊ नका, हे बायबलमध्ये प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना बंदिवासातून लिहिलं, आणि लगेच पुढे आपली मागणी देवाला कळवायला सांगितलं. म्हणजे आधी बोलायचं, रडूनसुद्धा. हातपाय गाळायचे नाहीत. पिठाचा डबा मी माळ्यावर चढवलाच होता.

यंदाही चढवला आहे. मुलाला रोज रात्री फोन करायचं मात्र सोडलं. आता तोच करतो.

— एक निवृत्त शिक्षिका, फत्तेगंज, वडोदरा