तारण फुकट, मग सेवा कशासाठी?

शरणपूर, नाशिक
लेंटचा दुसरा आठवडा

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोहोचले. तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, जर केवळ देवाच्या कृपेने आणि विश्वासाने मिळते, तर चांगली कर्मे करायचीच कशाला, हा तरुण संघातल्या त्या मुलाचा प्रश्न मला आगाऊ वाटला नाही. तू त्याला लगेच उत्तर न देता पुढच्या रविवारवर नेलेस हेही बरे केलेस, कारण घाईत दिलेले उत्तर एक तर देवाला सावकार करून ठेवते, नाही तर विश्वासाला नुसती तोंडाची कबुली करून टाकते.

आपल्या चर्चच्या मंडळीत पौल आणि याकोब या नव्या करारातल्या दोन पत्रलेखकांची झुंज लावायची फार हौस असते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब दुसऱ्या अध्यायात म्हणतो की तो केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो. गंमत अशी की दोघेही साक्षीला अब्राहामालाच उभे करतात आणि उत्पत्तीच्या पुस्तकातल्या १५व्या अध्यायातले तेच वचन पुढे करतात, की त्याने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. मात्र पौल सुंता होण्यापूर्वीचा अब्राहाम दाखवतो, ज्याच्या हाती देवाच्या शब्दाखेरीज काहीच नव्हते. याकोब २२व्या अध्यायातला, देवाच्या आज्ञेवरून आपला मुलगा इसहाक याला बळी द्यायला घेऊन डोंगर चढणारा अब्राहाम दाखवतो. पौल बोलतो तो आपली लायकी हातात धरून दाराशी उभ्या असलेल्या माणसाशी, आणि याकोब बोलतो तो केव्हाच आत येऊन ऐसपैस बसलेल्याशी. याकोबाचा तो अध्याय सुरू कुठून होतो ते मुलांना अवश्य वाचून दाखव: सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’. आपल्या लग्नसमारंभांतल्या पहिल्या रांगा आठवल्या की याकोब काही फार जुना वाटत नाही.

प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा जर्मन पुढारी ल्यूथर याला याकोबाचे पत्र फारसे रुचले नाही. नव्या कराराच्या आपल्या भाषांतराच्या १५२२च्या प्रस्तावनेत त्याने त्याला वाळक्या गवताची उपमा दिली. परंतु त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहिले की विश्वास ही जिवंत, सतत कामात असलेली गोष्ट आहे, आणि चांगली कर्मे करावीत का, असे कोणी विचारण्याआधीच ती करून मोकळी झालेली असते. ज्या वादावरून पश्चिमेकडची मंडळी दुभंगली, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याचा गाभा असा की देव आपल्याला आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, तर कृपेनेच स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा देऊन चांगल्या कर्मांसाठी सज्ज करतो. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या वचनापासून दहाव्यापर्यंत हाच क्रम आहे, पण आपण पाठांतर बहुधा नवव्यालाच थांबवतो आणि चांगल्या कर्मांचे दहावे राहून जाते.

आता त्या मुलाच्या ‘कशाला’कडे येतो. माझे म्हणणे इतकेच आहे की तारण फुकट आहे म्हणूनच कर्म खऱ्या अर्थाने शेजाऱ्याचे होऊ शकते. मला जर त्याच्यावर स्वर्ग कमवायचा असेल, तर आजारी माणूस माझ्या हिशेबाच्या वहीतली एक नोंद होतो. त्याची कूस वळवताना माझे अर्धे लक्ष जमेच्या रकान्याकडे राहते. ख्रिस्ताने ती वहीच मिटवली, तर मग समोर फक्त तो माणूस उरतो. आपण नाशिकची माणसे पाप-पुण्याच्या भाषेत वाढलो आहोत, आणि ‘कर, पुण्य लागेल’ हे वाक्य ख्रिस्ती घरातही किती सहज निघते, हे तुला सांगायला नको. चर्चच्या पंख्यांवर देणगीदारांची नावे रंगवलेली असतातच. उकाड्यात मला त्या पंख्यांचा राग येत नाही, हेही खरे.

मुलांना इथलेच उदाहरण हवे असेल तर जेकब वेनराइटचे सांग. गुलामगिरीतून सोडवलेला हा आफ्रिकन मुलगा शरणपूरच्या मिशन शाळेत शिकला आणि पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी आणि संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या मदतीला गेला. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत वारल्यावर त्याचे काळीज तिथेच झाडाखाली पुरण्यात आले, तेव्हा दफनविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडावर अक्षरेही त्यानेच कोरली. मग चुमा, सुसी आणि इतर सोबत्यांबरोबर त्याने तो देह कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचवला. मेलेला माणूस कोणाला बक्षीस देत नाही. त्यांच्या मनात काय होते ते देव जाणे, आणि मला त्यांना संत करायचे नाही. पण कर्माकडे या बाजूनेही पाहता येते.

इथे आमच्या गल्लीत एक आजी अंथरुणाला खिळून आहेत. महिला मंडळातल्या एक बाई दुपारी येतात, कोमट पाण्यात त्यांचे पाय भिजवतात आणि जाड, पिवळी पडलेली नखे मऊ झाली की सावकाश कापतात. आजींना ओळख राहिलेली नाही. त्या कधी कधी शिव्याही देतात. मंडळाच्या अहवालात यातले काही येत नाही. याच बाईंना मी एकदा तारणाबद्दल विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘ते प्रभूने केव्हाच केलंय की, भाऊ,’ आणि टॉवेल मागितला.

हे ऐकून तो मुलगा नक्की विचारेल की मग काहीच न करणाऱ्याचे काय. त्याला येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर दाखव, ज्याच्या हातांना करायला काही उरलेच नव्हते आणि तरी येशूने ज्याला सुखलोकाचे वचन दिले. आणि लगेच श्रीमंत जकातदार जक्कयही दाखव, ज्याचे हात मोकळे होते आणि ज्याने येशू घरी आल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली. ज्याचे हात मोकळे आहेत त्याने चोराचा दाखला देऊन स्वस्थ बसू नये, एवढे मात्र स्पष्ट सांग.

वसतिगृहातल्या मुलांच्या फीसाठी वर्गणी देणाऱ्यांची नावे उपासनेत वाचावीत का, असे तू शेवटी विचारले आहेस. माझ्या मते वाचू नयेत. हिशेब मात्र पैनपै लिहून खजिनदारांकडे द्यावा आणि ज्याला पाहायचा असेल त्याला दाखवावा. माझी वर्गणी याच आठवड्यात पाठवतो.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शरणपूरचा मित्र