‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

संपादक महोदय,

ताणतणावावरचे पर्यायी उपचार म्हटले की श्वसन, ध्यान, सुगंधी तेलं, फुलांचे अर्क, जडीबुटी असं सगळं एकाच टोपलीत भरलं जातं. माझी तक्रार त्याविषयी आहे.

मला स्वतःला अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांच्या स्नायू-शिथिलीकरणाचा, म्हणजे स्नायू आवळून सैल सोडण्याच्या पद्धतीचा, उपयोग झाला. मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळायची आणि एकदम सोडून द्यायची. मग दंड, खांदे, जबडा. अंथरुणात पडल्या पडल्या करते. जबडा आपण दिवसभर आवळून धरलेला असतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं! श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते, म्हणून उच्छ्वास लांबवला की बरं वाटतं. यात गूढ काही नाही. अमेरिकन संशोधक जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा ध्यान-अभ्यासक्रमही चाचण्यांना सामोरा गेला आहे. फुलांचे अर्क मात्र औषधाचा अंशही नसलेल्या दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरलेले नाहीत.

खरी काळजी पोटात जाणाऱ्या गोष्टींची. उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम कमी करते. नैराश्याच्या काही औषधांबरोबर घेतली तर सेरोटोनिन हे शरीरातलं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. कावा या ताणावर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

माझ्या एका मैत्रिणीने असल्या जडीबुटीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगितलंच नाही. ‘ते काय औषध थोडंच आहे?’ म्हणाली. डॉक्टरांनीही विचारलं नव्हतं. केसपेपरवर ‘आणखी काय घेता?’ एवढा एक रकाना छापायला कितीशी शाई लागते?

– एक वाचक